काळ्या पट्टीखालचं नाव

गुरुवारच्या बैठकीत सर उठून उभे राहिले, तेव्हा मला आधी वाटलं की ते पडदा सारखा करायला उठलेत. दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या बैठकीच्या खोलीत पडद्याच्या फटीतून ऊन येतं आणि मोठ्या स्क्रीनवर नेमकं चित्राच्या मधोमध पडतं. पण सर पडद्याकडे गेले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, हातातच धरला आणि म्हणाले, "ही केस माझी असणार. भाषा माझी आहे. सगळ्यांची माफी मागतो." आणि बसले. बसताना त्यांनी खुर्चीचा हात चाचपून पाहिला, अंधारात बसतो तसा. खोलीत अकरा माणसं होती. कुणीतरी पेनाचं टोपण लावलं, त्याचा टक् असा आवाज झाला. मग मी, विभागप्रमुख म्हणून, जे म्हणायचं असतं ते म्हणाले, "इथे कुणी कुणाची माफी मागायची नसते, सर. पुढची केस घेऊ या." माझा आवाज अगदी योग्य होता. समजूतदार, किंचित खाली आणलेला. असा आवाज काढायला मी शिकले आहे, आणि त्या क्षणी तो बरोबर लागला म्हणून मला थोडं बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणं मला आता विसरता येत नाही.

या बैठकीला सगळे 'चुकांची बैठक' म्हणतात. कागदोपत्री तिचं नाव 'शिक्षण व सुधारणा सत्र' आहे आणि ते मीच ठेवलं आहे. आमच्या रेडिओलॉजी विभागात दिवसाला शेकड्यांनी चित्रं निघतात, आणि कुणी कितीही हुशार असला तरी त्याच्या नजरेतून काही ना काही निसटतंच. जे निसटलं ते महिन्या-वर्षाने, दुसऱ्या कुठल्या तपासणीत, वाढून समोर येतं. पूर्वी अशा वेळी कुजबुज व्हायची, जेवणाच्या टेबलावर खुर्च्या बदलायच्या. मी प्रमुख झाल्यावर पद्धत बसवली. जुनं चित्र आणि जुना रिपोर्ट सगळ्यांसमोर लावायचा. रुग्णाचं नाव, तारीख आणि रिपोर्टवर सही करणाऱ्याचं नाव यांवर काळी पट्टी. कुणाचा, हे विचारायचं नाही. चूक बघायची, माणूस नाही. नाव फक्त ताईंना ठाऊक असतं, कारण पट्ट्या त्याच लावतात. विभागाची सगळी वेळापत्रकं, रजा, फायली त्यांच्याकडे. संध्याकाळपर्यंत त्या मला एक बंद मेल पाठवतात, त्यात दोन ओळी: केसचा क्रमांक आणि नाव. पद्धत चांगली आहे, अजूनही मी तेच म्हणेन. फक्त तिच्यात एक गोष्ट मी धरली नव्हती. माणसाच्या नावावर पट्टी लावता येते, भाषेवर लावता येत नाही. आमच्यात जो तो दुसऱ्याचा रिपोर्ट पहिल्या वाक्यावरून ओळखतो, घरातली माणसं एकमेकांची पावलं ओळखतात तसा. त्या दिवशी स्क्रीनवरच्या रिपोर्टात लिहिलं होतं की या तपासणीच्या मर्यादेत फुफ्फुसांचे दिसणारे तळ स्वच्छ आहेत. 'या तपासणीच्या मर्यादेत' हे सगळ्यांच्या लेखी सरांचं वाक्य. वाक्य वाचून होताच सगळ्यांची नजर त्यांच्याकडे गेली. माझीही. माझी खुर्ची चाकांची आहे. मी ती पायाने किंचित त्यांच्या दिशेने वळवली होती. तळव्याने जमीन रेटली होती, ते मला स्पष्ट आठवतं.

केस साधी होती. पन्नाशीचा बसचालक, आठ महिन्यांपूर्वी कमरेत कळा येऊन आला होता. मूतखड्यासाठी पोटाचं सीटी. पोटाचं चित्र घेताना मशीन थोडं वरून सुरू होतं, त्यामुळे पहिल्या काही कापांमध्ये फुफ्फुसांचा तळ येतो. तिथे उजव्या बाजूला, मागे, आठ मिलिमीटरचा एक गोल ठिपका होता. मटाराच्या दाण्याएवढा. रिपोर्टात मूतखडा होता, त्याची जागा होती, माप होतं. ठिपका नव्हता. आता खोकला हटेना म्हणून छातीचं सीटी काढलं, तर त्या जागी तीन सेंटिमीटरची गाठ. शस्त्रक्रिया झाली आहे, पुढचं अजून कुणी सांगू शकत नाही.

पाच वाजता मी केबिनमध्ये ताईंचा मेल उघडला. नाव माझं होतं. क्रमांक पडताळून पाहिला, परत नाव वाचलं. मग मशीनमधली नोंद काढली, कारण मला मोजता येण्यासारखं काहीतरी हवं होतं. आमच्याकडे प्रत्येक चित्र कुणी, किती वाजता उघडलं, किती वाजता मिटलं, कुठली खिडकी वापरली, सगळं नोंदलं जातं. फुफ्फुस बघायला वेगळी खिडकी लावावी लागते, म्हणजे उजेड-अंधाराचं प्रमाण बदलावं लागतं. नाहीतर फुफ्फुस नुसतं काळं दिसतं आणि त्यातलं काहीच कळत नाही. चित्र एक वाजून बारा मिनिटांनी उघडलं, एक अठराला मिटलं. फुफ्फुसाची खिडकी लावलीच नव्हती. म्हणजे मी चुकीचं पाहिलं असं नाही. मी पाहिलंच नाही, आणि स्वच्छ आहे असं लिहिलं. सही केली. त्या एका तासात मी असे चौदा रिपोर्ट केले होते, कारण दोन वाजता नव्या मशीनची बैठक होती आणि रिपोर्टचा वेग दाखवणाऱ्या भिंतीवरच्या स्क्रीनवर माझ्या नावापुढचा ठिपका मला हिरवा हवा होता. मूतखडा सापडला, आणि सापडलं की शोधणं थांबतं. शिकाऊ डॉक्टरांना मी दर वर्षी पहिल्याच दिवशी हे सांगते.

भाषा सरांची का, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझी सगळी भाषाच त्यांची आहे. मी शिकायला आले तेव्हा अजून फिल्म असायच्या, भिंतीवर पांढऱ्या उजेडाच्या पेट्या असायच्या, आणि सर हातात भिंग घेऊन एकेका फिल्मसमोर इतका वेळ उभे राहायचे की आमचे पाय दुखायला लागायचे. त्या भिंगावरून त्यांना सगळे मागे 'भिंगसर' म्हणायचे. आता स्क्रीनवर एका बोटाने हवं तेवढं मोठं करता येतं, तरी ते कधी कधी स्क्रीनला भिंग लावतात आणि पोरं हसतात. ते म्हणायचे, "चित्र आपल्याला सगळं सांगत नाही, तेव्हा आपणही सगळं कळल्यासारखं लिहू नये. मर्यादा लिहायची." रविवारी आम्हा तिघा-चौघांना घरी बोलवायचे. जुन्या फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवायचे आणि आभाळाच्या उजेडात वाचायला लावायचे. काकू चहा घेऊन मागे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मला बाई सगळे ढगच दिसतात. तुम्हाला यात माणसं कुठे सापडतात?" मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होते. मर्यादेचं ते वाक्य मी त्यांच्याकडून घेतलं तेव्हा त्याला वजन होतं. आता ते माझ्या संगणकात एका कळीवर आहे. कळ दाबली की वाक्य उमटतं, फुफ्फुसांच्या स्वच्छ तळांसकट.

त्या संध्याकाळी मी घरी गेले. नवरा ओट्यापाशी भाजी चिरत होता. तो पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर आहे, माझ्या आधी घरी येतो. "काय गं, चेहरा का असा?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "सरांकडून एक मोठं राहून गेलं." हे मी मेल वाचल्यानंतर म्हणाले. तासाभराने. कुणी मला काही विचारलं नव्हतं, कुठे अडकवलं नव्हतं. घरात आम्ही तिघंच होतो आणि त्या दोघांपैकी कुणी सरांना रोज भेटत नाही. तरी ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की जणू तेही कुठल्या तरी कळीवर ठेवलेलं होतं. "वय झालं गं त्यांचं," नवरा म्हणाला. टेबलावर अभ्यास करणाऱ्या मुलीने मान वर केली. "म्हणजे आता तू त्यांना ओरडणार?" "ओरडायचं कशाला? मी काय कुणाला ओरडते का?" "तेच ना," ती म्हणाली, "तू ओरडतच नाहीस. हळू आवाजात समजावतेस. त्यापेक्षा बाबा बरा, दोन मिनिटं तडतडतो आणि संपतं." नवरा हसला. मीही हसले. आणि मला सरांबरोबरची मागच्या वर्षीची बैठक आठवली.

तीन दिवसांचं एक प्रशिक्षण होतं, विभाग चालवण्याच्या कौशल्यांचं. मोठ्या हॉलमध्ये गोल टेबलं, रंगीत पेनं, पाण्याच्या छोट्या बाटल्या. तिथे मी शिकले की जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मला ते पटलं. परत येऊन भिंतीवर स्क्रीन लावला. प्रत्येकाच्या नावापुढे रिपोर्टला लागणारी सरासरी मिनिटं आणि ठिपका: हिरवा, पिवळा, लाल. तरुणांमध्ये सर्वांत जलद असलेल्या डॉक्टरला आठवड्यातच 'बुलेट' नाव पडलं. त्याची अकरा मिनिटं. माझी नऊ. सरांची एक्केचाळीस, लाल. तिथेच हेही शिकवलं होतं की टीका सँडविचसारखी द्यायची: आधी कौतुक, मग टीका, मग परत कौतुक. मी सरांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सर, तुमच्याइतकं बारकाईने कुणी पाहत नाही. फक्त वेळेचा थोडा विचार करावा लागेल. पण तुमचा अनुभव ही विभागाची मोठीच— सरांनी हात वर केला. "साहेब," ते म्हणाले, मी प्रमुख झाल्यापासून ते मला गमतीने साहेब म्हणतात, "मधलं सारण तेवढं परत सांग. पाव राहू दे." मी हसले आणि मधलं सांगितलं. त्यांनी मान हलवली. तीन महिन्यांत त्यांची एक्केचाळीसची एकोणतीस मिनिटं झाली. वार्षिक अहवालात मी तो आलेख टाकला, सुधारणा म्हणून. एकदा जिन्यात मी विचारलं, "सर, कसं जमवलंत?" ते म्हणाले, "जुनी चित्रं काढून ताडून बघायचो ना, ते सोडलं." आणि पुढे गेले. मी दोन पायऱ्या खाली तशीच उभी राहिले. मग फोन वाजला आणि मी तो घेतला.

त्या गुरुवारनंतरचे दिवस मी रोज ठरवत होते की आज सांगायचं. शुक्रवारी रुग्णालयाच्या कचेरीतून रुग्णाला पाठवायच्या पत्राचा मसुदा आला. 'आमच्या विभागात आपल्या तपासणीचा अहवाल देताना एक बाब नजरेतून सुटली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' खाली विभागप्रमुख, आणि माझ्या सहीची जागा. मी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली. तीच सही, जी त्याच्या रिपोर्टवर आहे. तो माणूस ते पत्र वाचेल, सही बघेल, त्याला वाटेल, वरच्या बाईंनी जातीने लक्ष घातलंय. शनिवारी मी त्याचा विचार करायचा प्रयत्न केला, म्हणजे त्याच्या छातीचा, टाक्यांचा, बसच्या त्या मोठ्या चाकावरच्या त्याच्या हातांचा. करता आला, पण थोडाच वेळ. विचार परत परत घसरून त्या खोलीतल्या अकरा माणसांवर यायचा. त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं असतं. तेव्हा मला कळलं की मला जे होतंय ते दुःख नाही, ती लाज आहे. आणि लाजेत माणूस स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाकडे बघत नाही. याचीही लाज वाटली, म्हणजे परत तेच.

असं एकदा पूर्वीही झालं होतं. आठवीत, विज्ञानाच्या तासाला, वितळणाऱ्या बर्फाचं तापमान मोजायचं होतं. माझ्या तापमापीत पारा दीड अंशावर थांबला. मी वाट पाहिली, ढवळलं, परत पाहिलं. दीडच. शून्य यायला हवं हे मला माहीत होतं, मी धडा आधीच वाचला होता. मी वहीत शून्य लिहिलं. माझ्या शेजारच्या मुलीने तीच तापमापी वापरून दीड लिहिलं. बाईंनी माझी वही वर्गाला दाखवली आणि तिला विचारलं, "डोळे कुठे होते तुझे?" माझ्याकडे तिने पाहिलं सुद्धा नाही. तिला खरंच वाटलं होतं की तिचंच चुकलं. कितीतरी वर्षं मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगत आले, विद्यार्थ्यांना, घरी. तापमापी खराब होती, असा तिचा शेवट करायचे. त्या मुलीचं काय झालं, हे गोष्टीत कधीच नसायचं.

सोमवारी विभागात काहीतरी हललं होतं, आणि कुणीच ते हलवलेलं नव्हतं. सरांचे रिपोर्ट बाहेर जाण्याआधी कुणी ना कुणी उघडून बघत होतं. मी सांगितलं नव्हतं, थांबवलंही नाही. नोंदीत मला दिसत होतं, सरांनी मिटलेलं चित्र पाच मिनिटांनी दुसऱ्याच कुणाच्या नावाने उघडलं जात होतं. कॉफीच्या मशीनपाशी बुलेट कुणाला तरी म्हणत होता, "भिंगाला तडा गेला रे." मी मागे उभी आहे हे कळल्यावर तो दचकला. "सॉरी मॅडम. म्हणजे गमतीने." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि कप घेऊन आले. त्याला वाटलं असेल मी रागावले. मला त्याच्यावर रागवायचा हक्क उरला नव्हता एवढंच. ताई रोजच्यासारख्या नऊ वाजता वेळापत्रक घेऊन येत होत्या. "मॅडम, एमआरआयची सकाळची पाळी कुणाला?" मी सांगायचे, त्या लिहून घ्यायच्या. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्या फक्त दार ओढून घेताना पूर्वीसारखं हसत नव्हत्या. की हसत होत्या आणि मला दिसत नव्हतं, सांगता येत नाही. माझ्या दिसण्यावर माझाच भरवसा राहिला नव्हता.

मंगळवारी दुपारी सर केबिनमध्ये आले. दार लावून घेतलं, जे ते कधी करत नाहीत. "दोन मिनिटं आहेत का साहेबांकडे?" मी उठून उभी राहिले, शिकत असताना राहायची तशी. "बस गं," ते म्हणाले. "डोळे तपासून आलो. म्हणाला, तुमच्या वयाला इतके चांगले डोळे मी पाहिले नाहीत." "मग चांगलंच झालं की, सर." "चांगलं कसलं? डोळे ठीक आहेत म्हणजे जे काही आहे ते डोळ्यांच्या मागे आहे." ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. "राहून जातं गं एखादं. चाळीस वर्षांत माझी काय थोडी राहिली? पण राहिलेली केस आठवते. चित्र दाखवलं की आठवतं, हां, हे मी पाहिलं होतं, तेव्हा शेजारी अमुक बसला होता, बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं. हे चित्र मला आठवतच नाही. पाटी कोरी. पाहिल्याचंच आठवत नाही. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी एक दिवस गळला, मग आठवडे."

वाक्य माझ्या तोंडात होतं. चार शब्दांचं. सर, ती माझी होती. मी त्याची लांबी मोजली, हे मला आठवतं; चार शब्द, दोन सेकंद. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही थोडी विश्रांती घ्या." ते हसले. "तो वरचा पाव झाला. खालचा राहू दे." मग खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "महिनाअखेरीला मोकळं कर मला. तोपर्यंत सीटी माझ्याकडे देऊ नको. हाडं दे, हाडं मला समजतात अजून." मी विचारलं, "काकूंना सांगितलंत?" "सगळं सांगितलं. तिच्यापासून काय लपवणार? आता ती मला एकट्याला बाजारात पाठवत नाही. बरोबर येते. म्हणते, मलाही चालणं हवंय. रस्ता ओलांडताना हळूच माझा दंड धरते; तिला वाटतं, मला कळत नाही." ते गेल्यावर मी पाकीट खणात ठेवलं आणि खण बंद केला. मग बराच वेळ हात खणाच्या कडीवरच होता. एक माणूस आपलं डोकं जातंय असं समजून चालला आहे, त्याची बायको त्याचा दंड धरून चालते आहे, आणि हे थांबवायला लागणारी एकमेव गोष्ट माझ्या मेलच्या खोक्यात आहे. मला भीती कसली होती? नोकरी जाण्याची नाही. चूक कबूल केली म्हणून आमच्याकडे कुणाची नोकरी जात नाही, तसा नियम मीच केला आहे. गुरुवारी पाच वाजता सांगितलं असतं तर ती नुसती एक चूक असती. आता मंगळवार होता. मधले पाच दिवस कुठल्या पट्टीखाली घालणार?

गुरुवारी सकाळी, आंघोळ करताना, मी वाक्य तयार केलं. नीट, शांत, कुणालाही न दुखावणारं. दोन वाजता सगळे जमले. ताई लॅपटॉपपाशी, बुलेट भिंतीला टेकून, सर पडद्याशेजारच्या त्यांच्या खुर्चीत. मी उभी राहिले. "केस सुरू करण्याआधी एक सांगायचं आहे. गेल्या आठवड्यातल्या त्या चुकीबद्दल बरीच चर्चा झाली असेल. विभागप्रमुख म्हणून त्या चुकीची जबाबदारी माझी आहे. पूर्णपणे माझी. तिचं ओझं दुसऱ्या कुणी घेऊ नये, अशी माझी विनंती आहे." खोलीत एक सुस्कारा पसरला, चांगला, ऊबदार. टेक्निशियन मुलीचे डोळे भरून आले. बुलेट भिंतीपासून सरळ झाला आणि म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? असं म्हणणारा बॉस मी पाहिला नाही." आणि सर उठले. त्यांनी अर्धे हात जोडले. "साहेब," ते म्हणाले, आणि या वेळी त्यात गंमत नव्हती, "हा तुमचा मोठेपणा. पण माझं ओझं तुम्ही का उचलता?" चोवीस वर्षांत ते मला पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होते.

माझं प्रत्येक वाक्य खरं होतं. आणि हे सगळे असंच ऐकतील, हे मला आंघोळ करतानाच ठाऊक होतं. म्हणूनच ते वाक्य मला इतकं नीट वाटलं होतं. सगळे माझ्याकडे प्रेमाने बघत होते. एकट्या ताई खाली, वहीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या हातातलं पेन हलत नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "गेल्या वेळची केस लावा."

त्यांनी लावली. मूतखड्याचं चित्र, रिपोर्ट, वर तीन काळ्या पट्ट्या.

"सहीवरची पट्टी काढा. तारखेवरची पण."

"मॅडम, नियम आहे ना आपला."

"माझाच आहे. काढा."

ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुरतं पाहिलं, आठ दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी दोनदा बटण दाबलं. स्क्रीनवर माझं नाव आलं. ऊन नेमकं त्यावर पडलं होतं, त्यामुळे मागच्यांना वाचायला वेळ लागला. मी म्हणाले, "ही माझी केस आहे. प्रमुख म्हणून नाही. मी पाहिली, सहा मिनिटांत. फुफ्फुसाची खिडकी लावली नाही, आणि स्वच्छ आहे असं लिहिलं. सरांचा यात काही संबंध नाही. त्या तारखेला ते रजेवर होते." मग बुलेटने, तो आकड्यांत जलद आहे, हळूच विचारलं, "पण मॅडम, नावाचा मेल तर तुम्हाला त्याच संध्याकाळी येतो ना?" "हो," मी म्हणाले. "आला होता. गुरुवारी पाच वाजता." तो परत भिंतीला टेकला. टेक्निशियन मुलीने डोळे पुसले, घाईघाईने, जणू कुणी तिला फसवून रडवलं होतं.

सर स्क्रीनकडे चालत गेले. तारखेपाशी चेहरा नेला, मग पूर्ण चित्राकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मग परत वर. "म्हणजे हे चित्र मी पाहिलंच नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, सर."

"कधीच नाही?"

"त्या गुरुवारच्या आधी कधीच नाही."

"म्हणून आठवत नव्हतं." ते मागे वळले. मला वाटलं होतं ते रागावतील, आणि त्यासाठी मी तयार होते. मला ते हवंच होतं. पण त्यांचा चेहरा फुटल्यासारखा उघडला होता, ते हसत होते, तोंड भरून, आवाज न करता, आणि माझ्याकडे बघतही नव्हते. मी तिथे आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि अकरा माणसांच्या बैठकीत, उभ्या-उभ्या, घरी लावला. "अगं, ऐकतेस का? ऐक. मी नव्हतो. ती केस माझी नव्हतीच. नाही, नाही, मला काही झालेलं नाही, मी पाहिलीच नव्हती ती, मग आठवेल कशी? अगं, रडतेस काय? अगं—" फोनमधून बारीक, तुटक आवाज येत राहिला आणि सर तो ऐकत राहिले, दुसऱ्या हाताने डोळे झाकून. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ते थांबले. त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही. तेवढं माझ्या हातात होतं.

"ते होय," सर फोनवर म्हणाले. "ते घरी आल्यावर सांगतो."